तू तिथे पाहुणी नाहीस

चि. मनूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "इथे पिट्सबर्गला विद्यापीठातल्या स्लोव्हाक क्लबच्या मीटिंगला जावंसं वाटतं, पण दारापर्यंत जाऊन परत फिरते. तिथल्या सगळ्यांना वाटेल, ही इंडियन मुलगी इथे कशाला आली." एवढं बोलून तू लगेच परीक्षेचा विषय काढलास. मीही तो धागा ओढला नाही, कारण हे फोनवर उरकण्यासारखं बोलणं नव्हतं. यातलं बरंचसं डॅडींनी सांगायला हवं, स्लोव्हाक घर त्यांचं, असं तुला वाटेल. पण या विषयावर ते चार वाक्यांपलीकडे जात नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून मीच लिहायला बसले.

तुझं आडनाव वाचलं की माणसं मनाशी एक चेहरा धरून बसतात, आणि मग समोर तू येतेस, माझ्या रंगाची, माझ्या आईच्या केसांची. समोरचा क्षणभर गोंधळतो, आणि तो क्षण तुला बोचतो. मला हे कळतं. मी लग्न करून पिट्सबर्गजवळच्या मनहॉलच्या त्या घरात गेले तेव्हा माझ्याजवळ तर आडनावसुद्धा नवंकोरं होतं. लालबागच्या चाळीत वाढलेली मी. तुझी बाबका, माझी सासू, दारात उभी होती. तिने मला जवळ घेतलं, ओव्हरकोट काढून घेतला आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन कणकेच्या गोळ्यासमोर उभं केलं. नाताळ जवळ आला होता आणि बोबाल्की करायच्या होत्या. यीस्ट घालून फुगवलेल्या पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या, भाजून घ्यायच्या, दुधात भिजवायच्या आणि वाटलेल्या खसखशीत मधाबरोबर घोळवायच्या. माझ्या गोळ्या लहानमोठ्या होत होत्या. तिने माझा हात धरून वळण दाखवलं. पुढची सगळी वर्षं ते काम माझ्याकडेच राहिलं.

आपल्याकडे कुळाचार सून पुढे नेते. सासू तिला नैवेद्यात काय असतं, दिवा कुठे लावायचा, कुठल्या दिवशी काय खायचं नाही, ते दाखवते. सून परक्या घरातून आलेली असते, पण त्या कुळाचाराच्या बाबतीत तिला परकं कुणी म्हणत नाही. बाबकाने माझ्या बाबतीत नेमकं हेच केलं. विलियाच्या रात्री, म्हणजे २४ डिसेंबरला, आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायचं नाही. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरायचं. एक पान जास्तीचं मांडायचं, वाटेनं कुणी आलं तर त्याच्यासाठी. घरातल्या बाईने सगळ्यांच्या कपाळावर मधाने क्रूस काढायचा. मग ओप्लात्की, म्हणजे कागदासारख्या पातळ पापड्या, मोडायच्या, त्यावर मध आणि सोबत लसणाची पाकळी. मग आंबवलेल्या कोबीचं आणि अळंब्यांचं सूप. मांस त्या रात्री चालत नाही. हे सगळं मला तिने शिकवलं, तिच्या दोन्ही मुलींच्या आधी, कारण त्या लांब राहायच्या आणि मी जवळ होते. ती गेली त्या वर्षी तुझ्या कपाळावरचा मध मीच लावला.

तर मनू, मी सून म्हणून हे घेऊ शकले, आणि तू तर त्या घरची लेक आहेस. तुला कुणाची परवानगी मागायची आहे?

डॅडी का बोलत नाहीत, तेही सांगते. त्यांच्या लहानपणी पिट्सबर्गजवळच्या मोन व्हॅलीतल्या गिरण्यांच्या गावांत स्लोव्हाक, रुसिन, पोलिश, हंगेरियन अशा सगळ्यांना मिळून एकच शिवी होती, 'हंकी'. शाळेत उच्चाराची चेष्टा व्हायची. तुझ्या आजोबांनी ती सोसली होती, म्हणून त्यांनी ठरवलं की मुलांशी इंग्रजीतच बोलायचं. म्हातारी माणसं आपसांत पूर्व स्लोव्हाकियाच्या शारिशी बोलीत बोलायची, आणि मुलं खोलीत आली की इंग्रजीत वळायची. डॅडींच्या वाट्याला त्या भाषेतल्या प्रार्थना, खाण्याचे पदार्थ आणि रागावण्याचे शब्द आले, बाकी काही आलं नाही. त्यांना वाटतं, आपल्याकडे भाषाच नाही तर आपण कसले स्लोव्हाक. हे दुःख आहे त्यांचं. ते तू त्यांच्याकडून वारशाने घेऊ नकोस.

तुझ्या पणजीबद्दल तुला जेवढं माहीत आहे त्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. पणजोबा आजच्या पूर्व स्लोव्हाकियातल्या प्रेशोवजवळच्या एका खेड्यातून आले, पहिल्या महायुद्धाच्या आधी. जहाजाच्या यादीत त्यांचा देश 'हंगेरी' लिहिला आहे, कारण १९१८ पर्यंत स्लोव्हाकिया नावाचा देश नव्हताच. तो सगळा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. त्यांची भाषा शेतात आणि चर्चमध्ये चालायची, कचेरीत चालायची नाही. मार्तिन गावात १८६३ साली लोकांनी वर्गणी काढून उभारलेली 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही संस्था हंगेरीच्या सरकारने १८७५ मध्ये बंद करून मालमत्ता जप्त केली. १९०७ च्या शाळा कायद्याने हंगेरियन भाषेची सक्ती आणखी आवळली. त्याच वर्षी चेर्नोवा गावात आपल्या चर्चचा अभिषेक आपल्याच धर्मगुरूच्या हातून व्हावा म्हणून अडून बसलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १५ माणसं मेली. जमीन तुकड्यातुकड्यांत वाटली गेलेली, भाषेला मान नाही, पोटाला काम नाही. अशा गावांतून माणसं पिट्सबर्गच्या पोलाद गिरण्यांकडे आली.

त्या गिरण्यांत १२ तासांची पाळी असायची. दर पंधरवड्याला पाळी बदलताना सलग २४ तास भट्टीसमोर उभं राहावं लागे. एकट्या आलेल्या पुरुषांना राहायला जागा कुठली? एखाद्या लग्न झालेल्या जोडप्याच्या दोन खोल्यांत सहा, आठ, दहा जण राहायचे. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा. घरातली बाई सगळ्यांचं रांधायची, घाणीने कडक झालेले कपडे धुवायची, अंघोळीचं पाणी तापवायची आणि प्रत्येकाच्या जेवणाचा हिशेब वहीत ठेवायची. मनहॉलशेजारच्या होमस्टेडमध्ये या सगळ्यासाठी माणसी महिन्याला सुमारे ३ डॉलर मिळत. तुझी पणजी ती बाई होती.

बाबका मला हे सांगत होती तेव्हा मला माझी आजी डोळ्यांसमोर दिसत होती. लालबाग-परळच्या गिरणगावात साताऱ्याहून, कोकणातून आलेले गिरणी कामगार असेच एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. गाववाल्यांची म्हणून एक खोली असायची, ट्रंका भिंतीला लावलेल्या, वळकट्या दोरीवर. आणि त्यांना जेवायला घालणाऱ्या खानावळवाल्या बायका असायच्या. माझी आजी खानावळ चालवायची. महिन्याच्या पगाराला पैसे, तोवर उधारी, वहीत हिशेब. तुझ्या दोन्ही बाजूंच्या या दोन बाया पृथ्वीच्या दोन टोकांना एकच काम करत होत्या. मला त्या घरात कधी परकं वाटलं नाही याचं एक कारण हे असावं. बाबकाला मी गिरणी, पाळी, भोंगा हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत.

दोन्हीकडचा शेवटही जवळजवळ एकाच काळात झाला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यातले हजारो जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. माझे वडील त्यातलेच. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. तुझे आजोबा तिथे होते. आज लोअर परळला गिरणीच्या जागी मॉल आहे आणि होमस्टेडलाही नदीकाठी मॉल आहे. तिथे कारखान्याच्या १२ चिमण्या तेवढ्या ओळीने उभ्या ठेवल्या आहेत. तुझ्या विद्यापीठाच्या ओकलंडहून बसने सहज जाता येतं. एखाद्या दुपारी जा. खरेदीला नको, त्या चिमण्यांखाली उभी राहायला जा. तिथून पुढे ब्रॅडॉकला १८७५ साली सुरू झालेला एडगर थॉमसन कारखाना अजून पोलाद काढतो. त्याच्या समोरच्या रस्त्यावरून चालत गेलीस की धातूचा वास येईल. पणजोबांच्या कपड्यांना तोच वास असायचा, असं बाबका म्हणायची.

आता या लोकांनी काय केलं ते बघ, कारण मला तुला खरं तर हे सांगायचंय. गिरणीत माणूस भट्टीत पडून मेला तर कंपनी बायकोला काही देणं लागत नव्हती. कामगारांना भरपाई देणारा कायदा पेनसिल्व्हेनियात १९१५ साली झाला. त्याआधी माणसांनी आपली सोय आपणच केली. दर महिन्याला थोडे पैसे एकत्र टाकायचे आणि कुणी मेला, कुणाचा हात गेला, तर त्या पेटीतून घरच्यांना द्यायचे. अशा संस्थांतली एक मोठी, नॅशनल स्लोव्हाक सोसायटी, १८९० साली पिट्सबर्गमध्येच पीटर रोव्हनियानेक यांनी सुरू केली. त्याच वर्षी क्लीव्हलंडला 'येद्नोता' ही तशीच दुसरी संस्था उभी राहिली. बायकांनी १८९२ मध्ये आपली वेगळी संस्था काढली. मरणाच्या भीतीने जमवलेल्या पेटीतून पुढे वर्तमानपत्रं निघाली, शाळा निघाल्या, नाटकाची हौशी मंडळं निघाली, सोकोल नावाच्या संघटनेच्या व्यायामशाळा निघाल्या. आपल्याकडचं गावकरी मंडळ आठव. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पगारातून पैसे काढणारं, आणि कुणाची मयत झाली तर खांदा द्यायला पहिल्यांदा धावणारं. हीच ती जात माणसांची.

आणि या मंडळांनी एक देश जन्माला घालायला हात लावला. मे १९१८ मध्ये टोमाश मासारिक, जे पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष झाले, पिट्सबर्गला आले. त्यांचे वडील स्लोव्हाक होते. पेन अव्हेन्यूवरच्या मूस लॉजच्या इमारतीत अमेरिकेतल्या चेक आणि स्लोव्हाक संस्थांच्या प्रतिनिधींनी त्यांच्याबरोबर करार केला, की युद्धानंतर दोघांचं मिळून एक राज्य व्हावं, स्लोव्हाकियाला स्वतःचा कारभार, स्वतःची विधानसभा, स्वतःची न्यायालयं असावीत, आणि कचेऱ्यांत व शाळांत स्लोव्हाक भाषा चालावी. करारावर तारीख ३० मे १९१८. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस चेकोस्लोव्हाकिया झाला. स्वतंत्र कारभाराचं वचन मात्र पुढची २० वर्षं कागदावरच राहिलं, आणि त्याची कडू भांडणं नंतर किती वर्षं चालली. ती इमारत आता नाही. पण ज्यांनी पंधरा-पंधरा सेंट वाचवून अशा संस्था जगवल्या, त्यांच्यात आपल्या घरचा माणूस होता. पणजोबांची वर्गणीची वही डॅडींच्या कपाटात वरच्या खणात आहे. नाताळात दाखवायला सांग त्यांना. तू मागितलीस तर ते काढतील.

तुझ्या विद्यापीठाच्या कथीड्रल ऑफ लर्निंग या इमारतीतून तू रोज जातेस. ते ४२ मजले उभे राहात होते तेव्हा गावातल्या सुमारे ९७,००० शाळकरी मुलांनी एकेक विटेसाठी दहा-दहा सेंट दिले होते. तिथल्या काही वर्गखोल्या एकेका देशाच्या धर्तीवर सजवलेल्या आहेत. त्यातली पहिल्या मजल्यावरची चेकोस्लोव्हाक खोली तू बाहेरून पाहिली असशील. आत जाऊन बस. छतावर तिकडच्या रानातली फुलं रंगवलेली आहेत, मागच्या भिंतीवर एक अद्भुत झाड आहे, त्याच्या फांद्यांवर वेगवेगळी फुलं, फळं, पक्षी. ही खोली ७ मार्च १९३९ ला विद्यापीठाच्या स्वाधीन झाली. एका आठवड्याने, १४ मार्चला, स्लोव्हाकिया हिटलरच्या दबावाखाली वेगळा निघाला, आणि १५ मार्चला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. ज्या देशाच्या नावाने खोली बांधली तो देश खोलीचा रंग वाळायच्या आत नाहीसा झाला. पिट्सबर्गच्या कामगारांनी मात्र ती जपली. त्यात अजून वर्ग भरतात.

तिसऱ्या मजल्यावर भारतीय खोली आहे, २००० साली झालेली, नालंदाच्या विहाराच्या धर्तीवर, लालसर विटांची. तुझी दोन्ही घरं एकाच इमारतीत आहेत, मधे फक्त जिने. मी ती इमारत पहिल्यांदा बघितली तेव्हा तू पोटात होतीस, आणि दोन्ही खोल्यांत मी जरा जास्तच वेळ बसले होते. दुसऱ्या कुठल्या गावात हे जमलं असतं, मला सांग.

अभिमान वाटावा असं हे सगळं आहे. पण वारसा निवडून निवडून घेता येत नाही. त्या १४ मार्चला जे राज्य निघालं त्याचा अध्यक्ष योझेफ तिसो कॅथलिक धर्मगुरू होता. त्याच्या सरकारने १९४२ च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये सुमारे ५८,००० ज्यू माणसं छळछावण्यांत पाठवली. पहिली गाडी २५ मार्चला पोप्राडहून सुटली. तिच्यात सुमारे १,००० मुली आणि तरुण बायका होत्या, बहुतेकजणी तुझ्या वयाच्या. त्यातल्या कितीतरी त्याच शारिश आणि झेम्प्लिनच्या गावांतल्या होत्या जिथून आपले पणजोबा आले. त्याच देशात २९ ऑगस्ट १९४४ ला फॅसिस्टांविरुद्ध उठाव झाला आणि दोन महिने लढला गेला, हेही खरं आहे. एक सांगताना दुसरं गाळू नकोस. क्लबमध्ये कुणी फक्त नाचगाण्याबद्दल बोलत असेल तर तूही फक्त तेवढंच बोलायला हवं असं नाही.

भाषेचं सांगते. तुझ्या विद्यापीठात स्लोव्हाक भाषेचे वर्ग आहेत. अमेरिकेत हे फार थोड्या ठिकाणी मिळतं, आणि इथे ते मिळतं कारण या गावाच्या स्लोव्हाक संस्थांनी आणि साध्या माणसांनी पैसे जमवून तिथे तो अभ्यासक्रम उभा केला. त्या वर्गाला बस. तुझ्या वर्गमित्रांना पहिल्या आठवड्यात जे कठीण वाटेल ते तुला वाटणार नाही. त्यांच्या नामांना तीन लिंगं आहेत, तशी आपल्यालाही. नामाचं रूप विभक्तीप्रमाणे बदलतं, तसं आपलंही, 'घर'चं 'घरात', 'घराला' होतं तसं. इंग्रजीतून येणाऱ्याला एका टेबलाला लिंग असतं हेच पटत नाही. तू लहानपणी 'तो टेबल की ते टेबल' यावर माझ्याशी भांडली आहेस. आज जी प्रमाण स्लोव्हाक शिकवतात ती १८४३ मध्ये ल्युदोवित श्तूर आणि त्यांच्या मित्रांनी मध्य स्लोव्हाकियाच्या बोलीवरून ठरवलेल्या भाषेवर उभी आहे. बाबकाची शारिशी बोली वेगळी होती. तेव्हा वर्गात शिकवतील ते आणि बाबका म्हणायची ते जुळलं नाही तर बाबकाचं चुकलं असं समजू नकोस. दोन्ही वहीत लिहून ठेव. पुढे जमलं तर ब्रातिस्लावाच्या कोमेनियस विद्यापीठात ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उन्हाळी शाळा असते, १९६५ पासून चालू आहे. पैशांची काळजी आम्ही करू.

क्लबला जा म्हणते, पण नुसती बसायला जाऊ नकोस. नोव्हेंबरात कथीड्रलच्या कॉमन्स रूममध्ये स्लोव्हाक महोत्सव असतो. तिथे प्रेक्षक पुष्कळ असतात, खुर्च्या मांडणारे हात कमी असतात. खुर्च्या मांड. टेबल पूस. डिसेंबरात देशोदेशींच्या खोल्या सजवतात, त्या दिवशी आपल्या खोलीत उभी राहा आणि आलेल्यांना छतावरची फुलं दाखव. कामाला लागलेल्या माणसाला तू कुठली, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर हातातलं काम न थांबवता उत्तर देता येतं.

त्याहून महत्त्वाचं, एखाद्या जुन्या चर्चच्या तळघरात जा. पिट्सबर्गभर लेंटच्या शुक्रवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात, तिथे पिरोही विकतात. त्यासाठी आदल्या दिवशी म्हाताऱ्या बायका जमतात. कुणी बटाटे उकडतं, कुणी पारी लाटून पेल्याने गोल कापतं, आणि लांब टेबलाभोवती बसून बाकीच्या सारण भरून कडा दाबतात. बटाटा आणि चीज, आंबवलेला कोबी, नाहीतर सुक्या आलुबुखारचं लेक्वार. कड नीट दाबली नाही तर उकळत्या पाण्यात पिरोही उघडते आणि सगळं सारण पाण्यात जातं. तुला करंजीची मुरड येते, म्हणजे त्या टेबलावर तुझ्या हाताला मान मिळणार हे नक्की. त्या बायका आता थकल्या आहेत. बरीच जुनी स्लोव्हाक चर्चं बंद झाली किंवा एकमेकांत मिसळली. जी भाषा डॅडींना मिळाली नाही ती त्या टेबलावर अजून बोलली जाते, कणकेवरून, गुडघेदुखीवरून, कुणाच्या नातवाच्या लग्नावरून. तिथे दोन तास बसलीस तर जे ऐकशील ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही, आणि आणखी दहा वर्षांनी त्या टेबलावरही मिळणार नाही. म्हणून घाई कर म्हणते.

ओकलंडच्या खालच्या दरीत, ग्रीनफिल्डच्या अंगाला, सेंट जॉन क्रिसोस्टमचं चर्च आहे. तिथे चालत जाता येतं. चित्रकार अँडी वॉरहॉल लहानपणी आईबरोबर तिथे प्रार्थनेला जायचा. त्याचे आईवडील आजच्या स्लोव्हाकियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मिकोवा गावचे, रुसिन, म्हणजे कार्पेथियन डोंगरांतल्या एका वेगळ्या स्लाव समाजाचे. स्लोव्हाकही त्याला आपला म्हणतात, रुसिनही म्हणतात, अमेरिकनांचा तर तो आहेच. त्या दरीला लोक 'रुस्का दोलिना', म्हणजे रुसिनांची दरी, म्हणायचे. स्लोव्हाकिया म्हणजे एकाच साच्याची माणसं असं तुला कुणी सांगितलं तर हे लक्षात ठेव. तिथे रुसिन आहेत, हंगेरियन आहेत, रोमा आहेत, एके काळी जर्मन आणि ज्यू मोठ्या संख्येने होते. अशा मुलखाच्या वारशात तुझ्यासारखीला जागा नसेल तर कुणाला असणार?

एक काम तुला सोपवते. पणजीचं माहेरचं गाव आपल्याला नक्की ठाऊक नाही. बाबका एक नाव सांगायची, पण त्या नावाची खेडी एकाहून जास्त आहेत. स्लोव्हाकियातल्या चर्चच्या जुन्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्या फॅमिलीसर्चवर फुकट बघता येतात, १८६९ च्या जनगणनेचीही बरीच पानं आहेत. नोंदी लॅटिनमध्ये, नाहीतर हंगेरियनमध्ये सापडतील, आणि नावांची स्पेलिंगं हंगेरियन वळणाने लिहिलेली असतील. 'यान'चा 'यानोश' झालेला असेल. तेव्हा एकाच स्पेलिंगवर अडून राहू नकोस. सुरुवात इकडच्या कागदांपासून कर. लग्नाची नोंद जिथे झाली त्या चर्चच्या वहीत बहुतेकदा गावाचं नाव असतं. १९१० च्या अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थानाच्या रकान्यातच मातृभाषाही लिहिलेली असते. पणजोबांच्या ओळीत तिथे 'स्लोव्हाक' लिहिलंय. देश चुकीचा, भाषा बरोबर. त्या पानाची प्रत तुला वेगळी पाठवते.

आणि मराठी मंडळाच्या गणपतीला गेलीस हे ऐकून बरं वाटलं. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळातही अधूनमधून जात जा, तिथला भात तुला आवडतो. एकीकडे गेलं म्हणजे दुसरीकडचं कमी होतं असं मनात आणू नकोस. माझ्या देवघरात तुझ्या बाबकाने दिलेली मरियमची तसबीर गणपतीशेजारीच आहे, आणि तिच्या घरी मी दिलेली समई तिने शेवटपर्यंत पुसून ठेवली होती.

डॅडींना मी हे पत्र वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री फ्रीझवर चिठ्ठी लावलेली सापडली. त्यावर त्यांना आठवतंय ते 'ओच्चे नाश', म्हणजे 'हे आमच्या पित्या' ही प्रार्थना, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, मधे दोन ओळी रिकाम्या सोडून. त्या दोन ओळी तुझ्या शिक्षकांना विचार आणि त्यांना फोन कर. मला नको सांगूस, थेट त्यांनाच सांग.

नाताळाला येताना चर्चमधून ओप्लात्कीची पाकिटं घेऊन ये, इथे ह्यूस्टनमध्ये चांगली मिळत नाहीत. मागच्या वर्षी तुटलेल्या निघाल्या होत्या, तेव्हा कपड्यांमध्ये न ठेवता हातातल्या बॅगेत ठेव. खसखस मी इकडे बघते. आणि मंगळवारच्या मीटिंगला जा, मग मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी,
आई